घरगाडीचे पाटे

उंद्रीच्या शाळेचे हेडमास्तर इंद्रभानजी यांनी आयुष्यात एकच वाहन विकत घेतलं आणि तेही स्वतःहून चालणारं नव्हतं. त्याला पुढून कुणीतरी ओढावं लागे. गावातल्या रिकामटेकड्या लोकांनी यावर पुष्कळ विनोद केले. ते इथे सांगण्यासारखे नाहीत, आणि त्यातले बरेचसे खुद्द इंद्रभानजींच्या माजी विद्यार्थ्यांनी केलेले असल्यामुळे त्यांना ते जास्त लागले.

मूळ गोष्ट अशी की, त्यांच्या पत्नी कौशल्याबाई यांना एस.टी. लागत असे. लागत असे म्हणजे कुणाला घाटात मळमळतं तसं नव्हे. गाडी थांब्यावर उभी राहिली आणि तिच्या धुराचा वास आला की, इकडे कौशल्याबाई पदर तोंडाला लावून लिंबाच्या झाडामागे जात. गाडीत बसणं तर दूरच. बैलगाडीनं माहेरी जाऊन येण्यापलीकडे त्यांचा प्रवास कधी झाला नव्हता, आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रारही केली नव्हती.

पण एकुलती एक लेक कोकिळा शेगावला दिलेली. जावई निवृत्ती यांचं स्टेशनाजवळ भांड्यांचं दुकान, माणूस भला. तरीही लग्न झाल्यापासून कौशल्याबाईंनी लेकीचं घर पाहिलं नव्हतं. शिवाय मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी अन्नाला शिवायचं नाही, हा रिवाज. त्यामुळे इतके दिवस जाऊन तरी काय करायचं, अशी मनाची समजूत घालता येत होती. मग उंद्रीलाच कोकिळेचं बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि ती समजूत संपली. सासरी परत निघताना कोकिळा आईला म्हणाली, "आता तं येजो, आई. एकडाव माह्या घरी, माह्या हातचं जेवजो."

"येतो ना. काऊन नाही येणार?" कौशल्याबाई हसून म्हणाल्या. एस.टी. वळणावर दिसेनाशी झाली तशा त्या घरात गेल्या आणि चुलीपुढे बसून खूप रडल्या. इंद्रभानजी पाणी प्यायला आत आले होते, त्यांनी ते पाहिलं. ते तेव्हा पाणी प्यायला गेले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माणूस आडवा पडून गेला तर त्याला गाडी लागत नाही, असं इंद्रभानजींनी कुठंतरी वाचलं होतं. खामगावच्या एका कंत्राटदाराकडे लष्कराच्या लिलावातून आलेला दोन चाकांचा ट्रेलर पडून होता, तो त्यांनी आणला. त्यावर सुतारानं फळ्यांची खोली उभी केली. दोन्ही बाजूंना खिडक्या, मागे दार, आत गादी घातलेली बाज, तिच्याखाली सामानाची मोकळी जागा आणि कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायला फळी. बाहेरून पोपटी रंग. कौशल्याबाईंचा धाकटा भाऊ कारभारी हा बऱ्यापैकी जमिनीचा धनी, त्याच्याकडे जुनी जीप होती. जीप धुराचा वास सोडणार पुढे, बहीण पडून राहणार मागे, खिडकीतून वारा खात. इंद्रभानजींनी या वाहनाला 'घरगाडी' असं नाव दिलं आणि सगळ्या गावाला ते घोकायला लावलं.

शेजारचे पुंजाजी यांनी घरगाडीला एक फेरी मारली, दाबून पाहिली आणि विचारलं, "शेगावले जाऊन राह्यले म्हणा की, गुरुजी?"

"हाव. कोकिळेकडे."

"मंग महाराजाचं दर्शन तं होईनच. थांबा जरा." पुंजाजी घरात गेले आणि नारळ घेऊन आले. पाठोपाठ त्यांचा गडी ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन आला. बैल बरा झाला तर भंडाऱ्याला एक पोतं ज्वारी देईन, असं पुंजाजी बोलले होते. बैल बरा झाला होता, आणि ज्वारी न्यायला कुणी भेटत नव्हतं.

शेगावला निघालेल्या माणसाला गावानं नारळ देणं, आणि त्यानं तो मुकाट्यानं घेणं, ही काही नवीन गोष्ट नव्हती. नाही म्हणण्याची सोयच नसते. मात्र आजवर जाणारा माणूस एस.टी.नं जायचा, त्याच्या पिशवीत मावून मावून किती मावणार, म्हणून लोक जरा हात राखून असत. इथे तर दारासमोर एक खोलीच निघाली होती. तानाबाईनं नारळाबरोबर गुळाची ढेप दिली. कुणी तांदूळ दिले, कुणी तुरीची डाळ. बाजेखालची जागा भरली तशी मंडळींनी बाजेवरही रचलं. कौशल्याबाई म्हणाल्या, "अवो, मले पाय ठेवाले जागा नाही उरली."

"देवाचं हाय ते," इंद्रभानजी हळूच म्हणाले. कौशल्याबाई पाय पोटाशी घेऊन निजल्या.

घरगाडी निघाली, मुलं मागे धावली, इंद्रभानजींनी जीपमधून हात हलवला. गावाबाहेरच्या नाल्यात उतरताना डाव्या बाजूनं काडकन आवाज झाला आणि खोली एकीकडे कलली. पाटा मोडला होता. ट्रेलरच्या साट्याखाली चाकाशी लोखंडाच्या पट्ट्यांची जी कमान असते, जिच्यावर सगळं ओझं झुलतं, तो पाटा. पुंजाजींच्याच बैलांनी घरगाडी ओढत परत आणली. गावातून मिरवत गेलेल्या माणसाला तासाभरात त्याच गल्लीतून बैलांमागे चालत यावं लागणं किती वाईट, हे ज्याच्यावर आलं त्यालाच ठाऊक.

विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा कडूबा मिस्त्री आला. खाली वाकून त्यानं पाटा पाहिला, बिडी पेटवली आणि विचारलं, "वजन किती होतं, गुरुजी?"

"वजन कशाचं? या एकट्याच होत्या आत. एक ट्रंक, एक वळकटी, फिरकीचा तांब्या. नातवाची झबली."

खोटं बोलावं असं इंद्रभानजींच्या स्वप्नातही नव्हतं. जे त्यांचं होतं ते त्यांनी तांब्यासकट सांगितलं. देवाच्या नावानं निघालेली वस्तू ही आपली नव्हे, मग ती आपल्या सामानात धरायची कशी? कडूबानंही धरली नाही, आणि तो तर बाजेखालच्या पोत्यावर टेकूनच बसला होता. त्यानं कौशल्याबाईंकडे एकदा चोरून पाहिलं, त्या अंगानं अगदीच किरकोळ, आणि निष्कर्ष काढला की लोखंडच हलकं होतं. डाव्या बाजूला एक जाड पट्टी वाढवून दिली की काम झालं.

तोवर गावानं आपापले निष्कर्ष काढले होते. एकाच्या मते दृष्ट लागली होती, त्यानं दाराला बिब्बा टांगला. दुसऱ्यानं पाट्यांना एरंडेल पाजायला सांगितलं. लष्करातून परत आलेले एक सुभेदार काठी टेकत आले आणि म्हणाले, "हे दारूगोळ्याचं ट्रेलर हाय, मास्तर. याले घरसंसार नाही झेपत." हा शेरा इंद्रभानजींना फार लागला. त्यांनी उत्तर जुळवलं, पण तोवर सुभेदार दोन गल्ल्या पुढे गेले होते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. गाडी परत आली तरी नारळ आणि ज्वारी परत जाईनात. देवासाठी म्हणून उंबऱ्याबाहेर काढलेली वस्तू पुन्हा घरात घ्यायची नसते. आणि ज्याच्या हाती दिली त्यानंच ती पोचवायची, दुसऱ्याच्या हाती सोपवायची नाही. इंद्रभानजींनी पुंजाजींना विचारून पाहिलं, तर पुंजाजी कानाला हात लावून म्हणाले, "मी कसा परत घेऊ, गुरुजी? पुन्हा बैल बिमार पडला म्हंजे?" तेव्हा सगळं जिथल्या तिथे राहिलं आणि घरगाडी शाळेच्या भिंतीशी उभी राहिली, कडूबाला लोखंड मिळेपर्यंत.

ती इतके दिवस उभी राहिली की ग्रामसेवक टेप घेऊन आले. नवी पंचायत, नवे ग्रामसेवक, उत्साह दांडगा. त्यांनी खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि गावठाणात विनापरवाना घर बांधल्याबद्दल घरपट्टी लावली.

"अहो, हे वाहन आहे," इंद्रभानजी शुद्ध भाषेत म्हणाले. राग आला की ते शुद्ध बोलत. "याला चाकं आहेत."

"चाकं असतीन, पण हालत तं नाही ना, गुरुजी," ग्रामसेवक नम्रपणे म्हणाले. यावर इंद्रभानजींनी घरपट्टी भरली आणि पावती घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या वेळी निघताना लोकांनी पुन्हा नारळ आणले. पहिल्यांदा द्यायचे राहून गेलेले लोक होते. शिवाय गाडी अडली म्हणजे आपलाच काही नवस राहिला असेल, अशी ज्यांना शंका आली तेही होते. डावीकडे जाड पट्टी पडल्यामुळे घरगाडी उजवीकडे झुकलेली होती. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला सगळे नारळ गडगडत उजवीकडे जात आणि त्यांच्याबरोबर कौशल्याबाईही जात. तरी गाडी घाटाच्या तोंडाशी असलेल्या नाक्यापर्यंत पोचली. तिथे हवालदारानं हात आडवा केला.

"हे काय हाय?"

"घरगाडी," इंद्रभानजी म्हणाले.

"गाडी हाय तं नंबर कुठी हाय?"

नंबर नव्हता. ट्रेलरलाही नंबर लागतो हे शाळेच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. इंद्रभानजींनी जरा विचार करून घरपट्टीची पावती पुढे केली. हवालदारानं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "म्हंजे हे घर हाय. मंग घर रस्त्यावर कसं आणलं तुमी?"

हा वाद किती चालला असता कोण जाणे. खिडकीतून कौशल्याबाईंनी डोकं बाहेर काढलं. कपाळावर टेंगूळ होतं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "लेकीकडे जाऊन राह्यली मी, शेगावले. जाऊ द्या ना."

"शेगावले?" हवालदाराचा आवाजच बदलला. त्यानं पावती घडी करून परत दिली, टोपी सारखी केली आणि चौकीत गेला. बाहेर आला तो हातात नारळ घेऊन. "आंधीच नाही सांगाचं का, मास्तर. माह्या नावानं वाहा." त्यानं तो नारळ खिडकीतून आत ठेवला आणि त्याच क्षणी उजवा पाटा मोडला. एका नारळानं पाटा मोडत नाही हे इंद्रभानजींना कळत होतं. पण हवालदाराला ते इतकं लागलं की, परत जाण्यासाठी बैल त्यानंच मिळवून दिले.

त्या दिवशी शेगावला कोकिळेनं पुरणपोळीचा स्वयंपाक केला होता. पहिल्या वेळीही केला होता. दोन्ही वेळा वाट पाहून पाहून शेवटी तिनं शेजारपाजारच्या पोरांना जेवू घातलं. हे जावयाच्या निरोपातून कळलं, तेव्हा कौशल्याबाईंनी नातवाची झबली पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवली. मग म्हणाल्या, "मी आपली एस.टी.नंच जातो. होऊ दे काय व्हाचं ते."

"एक वेळ," इंद्रभानजी म्हणाले. "अजून फक्त एक वेळ." त्यांच्या आवाजात असं काही होतं की कौशल्याबाईंनी मान हलवली. एस.टी.चा धूर त्यांना सोसला असता एखाद वेळेस, पण नवऱ्याचं हे पडलेलं तोंड सोसेना.

कडूबानं या वेळी मन घट्ट केलं आणि मोडीत निघालेल्या ट्रकचे पाटे दोन्ही बाजूंना चढवले. "आता हत्ती ठेवा आत," तो म्हणाला आणि स्वतः जीपमध्ये बसून निघाला. पुढचं ऐकून हत्ती परवडला असता असं वाटेल. घरगाडीची कीर्ती आता वाटेवरच्या गावांत पोचली होती. दोनदा परत आलेली गाडी तिसऱ्यांदा निघाली आहे म्हटल्यावर, तिच्यात आपलाही नारळ असावा असं कुणाला वाटणार नाही? लोक रस्त्याच्या कडेला ताटं घेऊन उभे होते. कारभारी गाडी न थांबवता काढू पाहत होता, पण म्हातारी माणसं सरळ जीपपुढे येत. प्रत्येक गावात इंद्रभानजी खाली उतरत, हात जोडत, आणि पोतं आत चढे. नाक्यावर त्या हवालदारानं सलाम केला.

घाट मात्र उतरला. पाटे मोडले नाहीत. इंद्रभानजींनी जीपमध्ये कडूबाचा खांदा थोपटला, आणि तेवढ्यात मागून जळक्या रबराचा वास आला. पाटे मोडले नव्हते, ते सपाट झाले होते. खोली चाकांवरच टेकली होती आणि टायर घासून धूर निघत होता. कारभारीनं जीप एका चिंचेखाली घेतली. "भाऊजी, आता एक हात पुढे जाणार नाही. टायर फुटलं तं बाई आत हाय."

इंद्रभानजी चिंचेच्या मुळावर बसले. वर्गात पोरांना धाक असलेला तो माणूस उपरणं डोळ्यांना लावून बसला, आणि कारभारी, कडूबा दोघंही दुसरीकडे पाहू लागले. लेकीचं गाव समोरच्या सपाटीवर होतं. एका एस.टी.च्या कंडक्टरबरोबर जावयाला निरोप धाडला की, आम्ही घाटाखाली आहोत आणि येत नाही.

ऊन कलायच्या आत एस.टी. थांबली आणि कोकिळाच उतरली. कडेवर पोर, डोक्यावर बांधलेलं गाठोडं. मागून निवृत्तीराव.

"आई कुठी हाय?" तिनं विचारलं. दार उघडून तिनं आत पाहिलं. आई दिसेना. नारळ, पोती, गुळाच्या ढेपा, आणि त्यांच्या मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, "आली का वं?"

कोकिळेनं पोर इंद्रभानजींच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि पहिलं पोतं स्वतः ओढलं. "बाबा, हे सगळं खाली घ्या आंधी. आईले बसाले जागा पायजे."

"देवाचं हाय ते, कोकिळे."

"मंग देव काय नाही म्हंते काय? झाडाखाली ठेवा नीट, उपरणं टाकून."

सगळे लागले कामाला. चिंचेखाली नारळांची रास झाली, पोत्यांची थप्पी झाली. आणि शेवटचं पोतं उतरलं तशी घरगाडीनं करकर असा आवाज केला आणि हळूहळू, सगळ्यांच्या देखत, वीतभर वर उठली. चाकं मोकळी झाली. कडूबानं वाकून मोकळ्या चाकावरून हात फिरवला.

"म्हंजे," कडूबा शेवटी म्हणाला, "वजन होतं म्हणा की."

"हे सगळं आत असते हे तुले ठाऊक नव्हतं का बे?" कारभारीनं त्याला विचारलं.

"ठाऊक होतं ना. पण थे तं महाराजाचं होतं."

इंद्रभानजींनी पोरांना बेरीज शिकवण्यात हयात घालवली होती. त्यांनी त्या राशीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि नातवाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. या बाबतीत कोणी काही विचारू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि सुदैवानं कोणी विचारलंही नाही.

निवृत्तीराव रस्त्यावर उभे राहिले आणि शेगावला रिकामा चाललेला सरकीचा ट्रक त्यांनी थांबवला. माल चढवला. आता प्रश्न एवढाच होता की बरोबर कोण जाणार. निवृत्तीराव म्हणाले, "मी नेतो ना, मामा."

"नाही, पाव्हणे. माह्या हाती देलं लोकायनं." इंद्रभानजी उठले. त्यांनी एकदा घरगाडीकडे पाहिलं. तिथे कोकिळेनं गाठोडं सोडलं होतं. आत पीठ होतं, डाळ होती, तेलाची बाटली होती. कोपऱ्यातल्या फळीवरचा स्टोव्ह, जो आजवर कधी पेटला नव्हता, तो भरभरत होता.

"गरम गरमच वाढतो," कोकिळा म्हणत होती. "दोनदा केलेलं वाया गेलं माहं. या वक्ती म्हटलं, जिथी आई असीन तिथीच करतो."

"अवं, पण तुह्या घरी येऊन जेवाचं होतं मले," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पीठ माह्या घरचं, भाकर माह्या हातची, वाढणारी मी. मंग घर कोणाचं झालं, आई?"

कौशल्याबाईंनी पाट नव्हता म्हणून रिकाम्या जागेत मांडी घातली. ती जागा ज्या मालानं अडवली होती तो देवाला पोचवायला इंद्रभानजी ट्रकवर चढले. नारळांच्या राशीवर जागा करून बसले, आणि उंचावरून त्यांना पोपटी खिडकीतून सगळं दिसलं. ताटात भाकर पडली, पिठलं पडलं, वर तेलाची धार पडली. कौशल्याबाईंनी पहिला घास हातात धरला आणि तो नुसताच धरून ठेवला, कारण त्यांना रडू येत होतं. मग खाल्ला. जिला उभ्या जन्मात सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं खाताना इंद्रभानजींनी पाहिलं होतं, ती बाई सगळ्यांच्या आधी, गरम भाकर, दुसऱ्याच्या हातची खात होती. त्यांच्या मनात आलं, हिला आपण शेवटी पोचवलं नाहीच, आणि ही मात्र पोचली.

ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला. धुराचा एक लोट घरगाडीकडे गेला. इंद्रभानजी राशीवरून अर्धे उठले, पण खिडकीत काही हललं नाही. कारभारी ऊन पाहून घाईवर आला होता. जीपचं दार आपटून तो ओरडला, "बाई, उठ आता. गाडी मोकळी झाली. अंधाराच्या आत शेगाव गाठू."

"थांब रे जरा," कौशल्याबाई आतून म्हणाल्या, आणि लेकीपुढे ताट सरकवलं. "पोरीच्या घरी जेवून राह्यली मी."